घाटातलं गवत टिकवताना: नाशिकच्या हवेत स्टॅटिक ग्रासची लावणी आणि निगा

आमच्या मॉडेल रेल्वेच्या घाटातलं बँकर इंजिन (चढावर गाडीला मागून ढकलणारं) एके संध्याकाळी बोगद्याच्या तोंडाशी अडलं ते अडलंच. मोटर नुसती गुणगुणत होती, चाकं जागची हलेनात. पालथं करून तळाचं झाकण काढलं, तर गिअरच्या दात्यांत पोपटी धाग्यांचा बोळा. दीड वर्षापूर्वी मीच त्या उतारावर गवत म्हणून उभे केलेले चार मिलिमीटरचे धागे एकेक करून रुळांवर उतरले होते आणि इंजिनानं ते इमानेइतबारे गोळा केले होते.

नाशिकरोडला घराच्या वरच्या खोलीत, आठ बाय चार फुटांच्या प्लायवर मी कसारा ते इगतपुरी या घाटाचा एक तुकडा, म्हणजे लेआउट, केला आहे. स्केल एचओ, म्हणजे १:८७. खऱ्या थळ घाटात ३७ला १ असा चढ आहे आणि कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाड्यांना मागून बँकर लावतात. चढ मी तेवढाच ठेवलाय. रुळांमधलं अंतर मात्र एचओचं साडेसोळा मिलिमीटरच. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर ८७नं भागले तर सव्वाएकोणीस यायला हवेत. जाणकार पाहुणे तिथं हटकून बोट ठेवतात. गवताकडे कुणी बघत नाही, आणि इंजिन अडेपर्यंत मीही बघत नव्हतो.

तो बोळा चिमट्यानं उपसता उपसता लक्षात आलं, की लेआउटवरच्या गवताची दुखणी चारच: ते झडतं, झोपतं, फिकं पडतं, बुरसतं. पहिली दोन जवळजवळ पूर्णपणे लावणीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ठरतात. उरलेली दोन नाशिकच्या हवेवर. म्हणून या लेखात निगेइतकीच जागा लावणीला दिली आहे.

धागा कोणता, ते आधी ओळखा

स्टॅटिक ग्रास, म्हणजे स्थिर विजेनं उभं करायचं कृत्रिम गवत, म्हणून मिळणारे धागे मुख्यतः दोन प्रकारचे असतात, नायलॉन आणि रेयॉन. पाकिटावर दरवेळी लिहिलेलं नसतं. चिमूटभर धागा चिमट्यात धरून गॅलरीत काडी लावून पाहा. नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. रेयॉन कागदासारखा जळतो आणि राख उरते. हा उद्योग लेआउटजवळ करू नका आणि धूर हुंगू नका.

टिकण्याच्या दृष्टीनं फरक मोठा आहे. नायलॉनला लवचीकपणा असतो, दाबलं तर बऱ्याच अंशी परत उभं राहतं. रेयॉन ओलावा जास्त शोषतो, झोपला की झोपूनच राहतो, आणि मुळात तो सेल्युलोज असल्यामुळे बुरशीला आणि कसरीला आवडतो. रेयॉन दिसायला मऊ आणि कमी चमकदार, म्हणून मोह होतो. माझं मत विचाराल तर हात लागणारी पुढची कड नायलॉनची करा, आणि रेयॉन वापरायचाच असेल तर मागच्या डोंगरावर.

लांबीचा हिशेब सोपा आहे. एचओमध्ये २ मिलिमीटर म्हणजे खरं १७ सेंटिमीटर, ४ म्हणजे ३५, ६ म्हणजे ५२ आणि १२ म्हणजे मीटरभर. हरळीसाठी २ पुरेसा. घाटातली कुसळी गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढते, म्हणजे ६ ते १२ हवा. पण जितका धागा लांब तितका तो लवकर वाकतो आणि मुळाशी ताणही जास्त. बारा मिलिमीटरची सलग कुरणं दोन वर्षांत पावसानं लोळवलेल्या गव्हासारखी दिसतात. तो धागा मी फक्त झुपक्यांत वापरतो.

लावणीचा मुहूर्त

धागा उभा राहतो तो विजेच्या क्षेत्रामुळे. ॲप्लिकेटरच्या, म्हणजे धागे शिंपडायच्या यंत्राच्या, जाळीवर धाग्याला भार मिळतो, समोर ओल्या गोंदात रोवलेला खिळा यंत्राच्या दुसऱ्या टोकाला क्लिपनं जोडलेला असतो, आणि धागा त्या दोघांमधल्या रेषेत उडी मारून गोंदात टोकावर रुततो. हे सगळं जमायला धाग्याच्या अंगावर किंचित ओलावा लागतो. अगदी कोरडा धागा भारच नीट घेत नाही, जाळीला चिकटून बसतो. फार ओला असला तर गुठळ्या होऊन पडतो. फ्लॉकिंगच्या, म्हणजे असेच धागे विजेनं रोवण्याच्या, कारखान्यांत म्हणूनच हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या आसपास राखतात.

आता आपल्याकडचं वर्ष बघा. मे महिन्यातली नाशिकची दुपार इतकी कोरडी, की गोंदावर चार-पाच मिनिटांत साय धरते आणि धागा त्या सायीवर नुसता टेकतो, आत शिरत नाही. वरून बघायला झकास दिसतं. सहा महिन्यांनी झडायला लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये उलट: गोंद दोन दिवस वाळत नाही आणि तोवर धागे हळूहळू माना टाकतात.

मी मुहूर्त द्राक्षबागांवरून काढतो. निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की हवा स्वच्छ झालेली असते, ओल पुरती गेलेली नसते. दसरा ते मार्गशीर्ष हा काळ उत्तम. दुसरी खिडकी फेब्रुवारीत. घाई असेल आणि उन्हाळ्यातच काम करायचं असेल, तर खोलीत तासभर ओला पंचा वाळत घाला, खिडक्या लावा, आणि पहाटे काम उरका. पावसाळ्यात धागा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत रात्रभर डब्यात ठेवून मग वापरा. आर्द्रता दाखवणारं तळहाताएवढं घड्याळ फार महाग नसतं. ते भिंतीला असलं की अंदाजपंचे काम करावं लागत नाही.

आणि छताचा पंखा बंद. मी एकदा विसरलो होतो. पुढचे आठ दिवस घरात कुणाच्या ना कुणाच्या डाळीत गवत सापडत होतं.

जमीन

गवताखालची जमीन हलली की गवत निघतं. इथं आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे शेतातली काळी माती चाळून वापरणं. रंगाला ती सुंदर, पण काळी माती ओल्यात फुगते आणि वाळली की भेगाळते, लेआउटवरही. माझ्या पहिल्या डोंगरावर फेब्रुवारीत अशा भेगा पडल्या की गवताचे पापुद्रे पोपडे धरून सुटले. मुरूम वापरा. तो कुटून आधी पिठाच्या, मग चहाच्या गाळणीनं चाळा. जुन्या कढईत वीस मिनिटं मंद आचेवर भाजा, म्हणजे बुरशीची बीजं आणि किडे जातात.

भाजलेला मुरूम कागदावर पसरा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्यावरून फिरवा. आपला सगळा डोंगर बेसाल्टचा, त्यात मॅग्नेटाइट असतं. पिशवीला काळी भुकटी चिकटलेली दिसेल. ती काढली नाही तर एक दिवस इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ती काढेल, आणि तो प्रकार गवताच्या बोळ्याहून वाईट.

चाळलेला मुरूम मातकट ॲक्रिलिक रंगावर पांढऱ्या गोंदानं बसवा आणि पूर्ण वाळू द्या. गवताखाली पांढरं प्लास्टर किंवा निळा-पांढरा थर्मोकोल उघडा राहिला, तर पुढं एखादी जागा विरळ झाली की लगेच डोळ्यांत भरते. खाली मातीचाच रंग असेल तर चार धागे कमी झाले तरी बिघडत नाही. खऱ्या डोंगरावरही गवतातून माती दिसतेच.

लावणी, क्रमानं

आधी इंजिनं आणि डबे दुसऱ्या खोलीत न्या. डीसीसी डिकोडर (डिजिटल नियंत्रणाची चिप) असलेलं काहीही ट्रॅकवर नको, कंट्रोलरची वायर काढून ठेवा. ॲप्लिकेटरची क्लिप कधीही रुळाला लावू नका. यंत्रात प्रवाह नगण्य असला तरी दाब बाजारातल्या बऱ्याच यंत्रांत १५ ते २० हजार व्होल्टचा असतो, झटका बसतो. पेसमेकर असलेल्या माणसानं हे यंत्र हाताळू नये.

आपल्याकडे अनेक जण डास मारायच्या रॅकेटचं सर्किट आणि स्टीलची चहाची गाळणी जोडून घरीच यंत्र बनवतात. मीही तिथूनच सुरुवात केली. २ मिलिमीटरसाठी ते चालून जातं. पण रॅकेटचा दाब दोन-तीन हजार व्होल्टच्या घरातला. ६ मिलिमीटरचा धागा त्यानं अर्धवट कलता उभा राहतो, आणि कलता धागा गोंदात कमी रुततो. निगेटिव्ह आयन जनरेटर नावाचं छोटं मॉड्यूल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, ते वापरून केलेलं यंत्र कितीतरी पटींनी चांगलं. रॅकेटच्या सर्किटमधला कपॅसिटर बंद केल्यावरही भार धरून असतो, हे लक्षात ठेवून हात घाला.

गोंद: साधा पांढरा सुतारी गोंद, ज्याला आपण कंपनी कुठलीही असली तरी फेव्हिकॉलच म्हणतो. त्यात थोडा मातकट मॅट ॲक्रिलिक रंग मिसळा, म्हणजे वाळल्यावर चकाकत नाही. पाणी फार तर पाचास एक. घट्ट वाटला तरी चालेल, पातळ नको. पातळ गोंद उतारावरून ओघळतो आणि वरच्या बाजूचे धागे उथळ राहतात. आता पाण्याला दाद न देणारा गोंद घ्यावा का? ओलीत तो जास्त भरवशाचा खरा. पण साध्या गोंदातलं गवत कोमट पाण्यानं मऊ करून काढता येतं, या गोंदातलं खरवडावं लागतं. डोंगराचा आकार अजून बदलायची शक्यता असेल तर साधाच बरा.

एका वेळी वीतभर जागाच घ्या. ब्रशनं सारखा थर द्या, साधारण अर्धा मिलिमीटर. पसरवल्यानंतर बोट टेकवून पाहा: गोंद बोटाला लागला पाहिजे. नुसता चिकट लागला आणि बोट कोरडं निघालं तर साय धरली आहे, पुन्हा ब्रश मारा. त्या ओल्या गोंदात खिळा रोवा, त्याला क्लिप. थर्मोकोलच्या डोंगरावर हे विशेष महत्त्वाचं, कारण थर्मोकोलमधून वीज जात नाही, जे काही वाहायचं ते ओल्या गोंदातूनच. खिळ्यापासून वीतभराहून लांब गेलात की दुसरा खिळा.

जाळी दोन ते तीन सेंटिमीटर वर धरून यंत्र सावकाश हलवा. धागे झरझर उतरतात, आणि इथंच हात आवरता येत नाही. जमीन दिसेनाशी होईपर्यंत लोक शिंपडत राहतात. गोंदात जागा ठरावीक असते. ती भरली की पुढचे धागे आधीच्यांच्या डोक्यावर बसतात, आणि झडणारा माल तोच. माझ्या इंजिनातला बोळा याच हावरटपणाचा. वाळलेल्या कुरणाला दाटपणा हवा असेल तर तो दुसऱ्या थरानं आणा: पहिला २ किंवा ४ मिलिमीटरचा थर वाळवून झाडून घ्या, त्याच्या शेंड्यांवर गोंदाचा बारीक फवारा, आणि त्यावर ६चा विरळ हात.

त्या फवाऱ्याबद्दल एक इशारा. स्प्रेच्या डब्यातला गोंद, हेअरस्प्रे, वॉर्निश यांतले बरेचसे वायू आणि द्रावक ज्वालाग्राही असतात, आणि ॲप्लिकेटरची ठिणगी उडू शकते. बंद खोलीत डबा मारून लगेच यंत्र चालवू नका. पाण्यातला गोंद साध्या फवारणीच्या बाटलीनं मारता येतो, तोच वापरा.

शेवटी यंत्र रिकामं करून, पण चालू ठेवून, त्याच जागेवरून एकदा फिरवा. वाकलेले धागे ताठ होतात.

रुळांच्या किती जवळ जायचं? एचओत रुळांच्या मध्यापासून साडेतीन सेंटिमीटर तरी जागा मोकळी सोडा, ती खऱ्या तीन मीटरच्या बरोबरीची. मुख्य लाइनवर खडीत आणि तिच्या कडेच्या पट्टीत गवत उगवू देत नाहीत, ट्रॅकमन ते काढत असतात. म्हणजे गिअरमध्ये धागे जाऊ नयेत म्हणून सोडलेली जागा दिसायलाही खरी. यार्डातल्या पडीक सायडिंगमध्ये, म्हणजे मुख्य लाइनच्या बाजूच्या फाट्यावर, रुळांमध्ये गवत हवंच असेल, तर २ मिलिमीटरचं आणि डब्याच्या ॲक्सलच्या खालीच राहील एवढं. सांध्याच्या सरकत्या पात्यांजवळ एकही धागा नको. एक धागा अडकला तरी पातं पूर्ण बसत नाही आणि डबा उतरतो.

दुसऱ्या दिवसाचं काम

हे काम बहुतेक जण करत नाहीत, कारण पहिल्याच दिवशी सगळं छान दिसत असतं.

हिवाळ्यात २४ तास, पावसाळ्यात ४८ तास वाळू द्या. मग व्हॅक्यूम क्लिनरच्या नळीच्या तोंडावर नायलॉनचा पातळ मोजा ताणून रबरबँड लावा, ओढ सगळ्यात कमीवर ठेवा, आणि गवताच्या दोन सेंटिमीटर वरून नळी फिरवा. मोज्यावर सुटे धागे जमतात, ते परत डब्यात. पहिल्या वेळी जमलेला ढीग पाहून वाईट वाटतं. वाटू द्या, तो सगळा गिअरमध्येच जाणार होता. ओढीनं आडवे धागे उभेही होतात, हा वरचा फायदा.

त्यानंतर एक चाचणी. उताराच्या पायथ्याशी पांढरा कागद ठेवा आणि रुंद मऊ ब्रशनं गवत वरून खाली चार-पाच वेळा झाडा. कागदावर दहा-बारा धागे पडले तर ठीक. त्याहून बरेच जास्त पडत असतील तर पुन्हा व्हॅक्यूम, पुन्हा झाडणं, आणि मगच सीलिंग, म्हणजे धागे पक्के करणारा पातळ थर.

सीलिंगसाठी ॲक्रिलिक मॅट मीडियम एक भाग, पाणी चार भाग, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. ट्रॅकवर मास्किंग टेप. बाटलीचा फवारा जितका बारीक मिळेल तितका, हातभर अंतरावरून, आणि एकच हलका हात. गवत ओलं दिसलं की थांबलंच पाहिजे. धागे चिंब झाले की त्यांच्या बटा होतात आणि वाळताना तशाच चिकटतात. पांढरा गोंद पातळ करूनही हे होतं, पण चकाकी उरते. हेअरस्प्रेचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी दोन वर्षं वापरून सोडला, कारण आपल्या पावसाळ्यात तो थर चिकट होतो आणि धूळ धरतो.

सीलिंग वाळल्यावर पुन्हा एकदा नळी. मग टेप काढा, मोकळा डबा हातानं सगळ्या ट्रॅकवरून ढकलत न्या, आणि त्याची चाकं भिंगाखाली पाहा. धागे नसतील तर इंजिन आणा.

धूळ

नाशिकमध्ये लेआउट असेल तर धूळ रोजची. शेजारी बांधकाम नाही असं वर्ष मला आठवत नाही. नुसती कोरडी धूळ सोपी असते, त्रास देते ती चिकट धूळ. फोडणीची वाफ आणि उदबत्तीचा धूर वरच्या खोलीपर्यंत येतो, धाग्यांच्या शेंड्यांवर तेलकट थर बसतो आणि त्यावर धूळ कायमची राहते. देवघर आणि लेआउट एका खोलीत ठेवू नये, एवढं मी अनुभवावरून सांगू शकतो.

महिन्यातून एकदा मेकअपच्या मऊ ब्रशनं गवत मुळाकडून शेंड्याकडे, खालून वर, उचलल्यासारखं झाडा आणि दुसऱ्या हातातली मोजा लावलेली नळी ती धूळ उडताच ओढून घेऊ दे. ओल्या फडक्यानं पुसायला जाऊ नका, धुळीचा चिखल होऊन मुळाशी बसतो. कॅमेऱ्याच्या लेन्सचा रबरी फुगा चालतो, कॉम्प्रेसरची हवा नाही. झाडल्यानंतर रूळ पुसायचेच, कारण सुटलेले धागे तिथंच येऊन पडतात. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरत असाल तर फडकं पिळून घ्या. त्याचा थेंब कडेच्या गवतात गेला की वाळलेला गोंद मऊ पडतो, आणि सगळ्यात आधी टक्कल पडतं ते रुळांलगतच, याचं कारण बहुतेक हेच असतं.

झाकण म्हणाल तर प्लास्टिकचा कागद अंथरू नका. तो गवत दाबतो, ओल कोंडतो, आणि उचलताना त्याच्या अंगच्या स्थिर विजेनं सैल धागे ओढून नेतो. पीव्हीसी पाइपची चौकट करून त्यावर मच्छरदाणीसारखी सुती चादर सोडा. रंगपंचमीला मात्र एवढ्यावर भागत नाही. रहाडी (रंगपंचमीला रंगाच्या पाण्यानं भरायचे नाशिकचे जुने हौद) आमच्यापासून लांब असल्या तरी कोरडा रंग गल्लोगल्ली उडतो. त्या दिवशी खिडक्या बंद आणि फटीला टेप. दिवाळीच्या चार दिवसांतही तेच. आणि खंडेनवमीला ॲप्लिकेटरची पूजा करायची तर ती खालच्या मजल्यावर करा. आमच्या घाटात अजून एका जागी हळदीचा डाग आहे, लोक त्याला फुलं समजतात.

पावसाळा आणि भुरी

पहिल्या पावसाळ्यात आम्ही आठ दिवस गावी गेलो. खोली कडेकोट बंद. परत आलो तर डोंगराच्या मागच्या बाजूला गवतावर पांढरी पूड, द्राक्षावर भुरी पडते तशी. रेयॉनचं गवत, खाली मी खळ वापरून चिकटवलेला कागद, आणि भिंतीला लागून असल्यामुळे हवा नाही. बुरशीला याहून काय हवं?

तेव्हापासून जूनच्या आधी मी तीन गोष्टी करतो. लेआउट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढतो. रोज दोन तास पंखा, लेआउटवर थेट नाही, छताकडे तोंड करून. आणि प्लायच्या खालच्या बाजूला टॉर्च मारून वाळवी आहे का पाहतो, कारण वाळवी लागली तर गवताची काळजी करायला काही उरत नाही. खळ, साबुदाण्याचा चीक, गव्हाच्या पिठाचा गोंद यांतलं काहीही लेआउटवर वापरू नका. कसर, झुरळं आणि बुरशी तिघांचं ते अन्न आहे.

भुरी आलीच तर तोंडाला मास्क लावा. आधी ती जागा वाळवा: साठ वॉटचा जुना बल्ब हातभर अंतरावर दिवसभर. मग मऊ ब्रश आणि नळी. उरलेल्या डागावर कानात घालायच्या कापसाच्या काडीनं सर्जिकल स्पिरिट टेकवा, चोळू नका, आणि सुकेपर्यंत त्या जागेला हात नाही, कारण गोंद तेवढा वेळ मऊ असतो. पंधरा दिवसांत पुन्हा आली तर तेवढा तुकडा काढून टाका.

झोपलेलं गवत

माझा भाचा सुट्टीत आला आणि बोगद्यात डोकावायला डोंगरावर कोपर टेकून वाकला. मग हळूच म्हणाला, "मामा, गवत झोपलंय."

नायलॉन होतं, म्हणून उठलं. कोमट पाण्यात लिक्विडचा थेंब घालून त्या जागेवर अगदी बारीक फवारा मारायचा, पाच मिनिटं थांबायचं, खिळा रोवून क्लिप लावायची आणि रिकामा ॲप्लिकेटर दोन-तीन मिनिटं वर धरायचा. ओला धागा भार घेतो आणि उभा राहतो. गोंद मऊ पडलेला असतो, त्यामुळे ब्रश किंवा बोट लावायचं नाही. वाळल्यावर नळी, मग सीलिंगचा हलका हात. रेयॉनवर हे निम्मंशिम्मं जमतं. दोनदा करूनही उठलं नाही तर त्यावर ४ मिलिमीटरचा नवा विरळ थर द्या.

रंग उडाला तर

उन्हातल्या अतिनील किरणांनी धाग्यांचा रंग जातो आणि नायलॉन ठिसूळही होतो. पश्चिमेची खिडकी असेल तर जाड पडदा हवाच. खोलीत एलईडी दिवे लावा, त्यांतून अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत. जुन्या ट्यूबलाइटमधून थोडे येतात.

पण प्रत्येक फिकं गवत दुरुस्त करायची गरज नसते. इगतपुरीच्या पुढं गाडीतून पाहा: जुलैत डोंगर पोपटी, नवरात्रात हिरव्यावर पिवळी झाक, संक्रांतीला सोनेरी, आणि होळीच्या सुमारास वणव्यांनी जळालेले काळे पट्टे. माझं पोपटी गवत तीन वर्षांत आपोआप ऑक्टोबरचं झालं. मी फक्त सावलीत राहून हिरव्या उरलेल्या जागांवर गवती पिवळ्या ॲक्रिलिकचा पातळ फवारा एअरब्रशनं मारला आणि लेआउटचा महिना बदलून टाकला. एअरब्रश नसेल तर रुंद ब्रश रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि फक्त शेंड्यांवरून फिरवा. उन्हाकडची एक बाजू फारच खराब झाली होती, तिथं काळा आणि करडा मारून वणवा केला. सगळ्यात जास्त फोटो त्याचेच निघतात.

टक्कल आणि झुपके

टकलाच्या जागी पुन्हा गोंद लावून यंत्र चालवलं तर कडा उठून दिसते. त्याऐवजी झुपके करून ठेवा. ताटाला पालथ्या बाजूनं बटर पेपर चिकटवा, त्यावर गोंदाचे मसुराएवढे ठिपके द्या, आकार मुद्दाम लहानमोठे. स्टीलच्या ताटालाच क्लिप लावून ६ मिलिमीटरचा धागा सोडा. ठिपके उभे राहिले नाहीत तर क्लिपला टाचणी जोडून ती एकेका ठिपक्यात टेकवत जा. दोन दिवसांनी सुटे धागे झाडून टाका आणि झुपके चिमट्यानं सोलून घ्या. खाली गोंदाचा थेंब लावून टकलाच्या कडेवर आधी, मध्ये नंतर बसवा. झुपक्याचा स्वतःचा गोंदाचा तळ असल्यामुळे तो लावलेल्या गवताहून जास्त टिकतो. बारा मिलिमीटरची कुसळी मी आता फक्त अशीच करतो, आणि हात पोचणार नाही अशा ठिकाणीच.

उरलेला धागा

पाकिटं उघडी ठेवली की धागा एक पावसाळाही काढत नाही. काचेच्या बरण्या, आत सिलिका जेलची पुडी, आणि बाहेर चिठ्ठी: लांबी, नायलॉन की रेयॉन, आणि कुठल्या रंगांचं किती मिश्रण. हे प्रमाण लिहिलेलं नसेल तर दोन वर्षांनी टक्कल भरताना तोच रंग जमत नाही, आणि सगळा उतार पुन्हा करावा लागतो. मोज्यावर जमलेला मिश्र धागा वेगळ्या बरणीत ठेवा. त्यात धूळ असते, पण सायडिंगच्या कडेच्या तणाला तो रंग अगदी बरोबर लागतो.

ॲप्लिकेटरची जाळी दरवेळी कोरड्या टूथब्रशनं साफ करा, आणि वापर नसताना आतला सेल काढून ठेवा. माझ्या पहिल्या यंत्रात तो पावसाळाभर राहिला आणि फुटून सर्किटवर सांडला.